रुग्णवाहिकेचा व्यवसाय: ट्रिप शीट, बिल आणि पावती नीट कशी ठेवायची?

व्हिडिओमध्ये आपण रुग्णवाहिकेच्या व्यवसायाची गुंतवणूक आणि रोजचा खर्च बघितला. आज त्यातला कागदांचा भाग. "सर, पेशंट गाडीत आहे आणि आम्ही बिल लिहीत बसायचं का?" हा प्रश्न बॅचमध्ये हमखास येतो. उत्तर सोपं आहे. गाडी आधी निघणार, पण कागद त्याच ट्रिपमध्ये पूर्ण होणार.

माझ्या दुकानातला ग्राहक चुकीचं बिल घेऊन गेला तर उद्या परत येतो, आपण बदलून देतो. तुमचा ग्राहक परत येत नाही. तो हॉस्पिटलच्या दारात घाबरलेला असतो, कितीही पैसे द्यायला तयार असतो, आणि आठ दिवसांनी शांतपणे विचार करतो की आपल्याकडून नक्की किती घेतले. त्या दिवशी त्याच्या हातात तुमचं स्वच्छ बिल असेल तर तो तुमचा नंबर चार जणांना देईल. नसेल तर थेट तक्रार करेल.

दर कोण ठरवतं?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा मोफत आहे. त्यामुळे खाजगी गाडीवाल्याने पैसे का घेतले, हे कागदावर दिसलंच पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कोविड रुग्णांसाठी रुग्णवाहिकेचे वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं. कोविड संपला, पण "मनाला येईल तो आकडा" हा प्रकार आता लोक सहन करत नाहीत.

आपल्या आरटीओ कार्यालयातून तुमच्या गाडीच्या प्रकाराचं चालू दरपत्रक घ्या आणि गाडीत पेशंटच्या नातेवाइकांना दिसेल असं लावा. किमान भाडं किती किमीपर्यंत, पुढे प्रति किमी किती, थांबण्याचे किती, परतीचे किमी धरायचे की नाही, हे चारही मुद्दे निघायच्या आधी तोंडी सांगा. एक मिनिट लागतं.

ट्रिप शीट: बिलाचा पाया

प्रत्येक फेरीला एक नंबर आणि एक पान. त्यावर एवढं हवंच:

- फोन आल्याची, निघाल्याची, पोहोचल्याची वेळ
- तिन्ही ठिकाणचं मीटर रीडिंग (शक्य असेल तर मोबाइलवर फोटो)
- पेशंटचं नाव, वय, कुठून कुठे
- सोबतच्या नातेवाइकाचं नाव, नंबर, सही
- ऑक्सिजन लावला का, किती वेळ
- ड्रायव्हर आणि अटेंडंटचं नाव
- हॉस्पिटलमध्ये पेशंट ज्यांनी ताब्यात घेतला त्यांचं नाव, वेळ, सही

शेवटचा मुद्दा बरेच जण सोडतात. उद्या कोणी म्हटलं, "गाडी उशिरा आली", तर तुमच्या बाजूने बोलणारी तीच एक ओळ असते. आणि हो, ट्रिप शीटचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. त्यात कोणाच्या तरी घरातलं आजारपण आहे.

बिल कसं दिसावं?

समजा फेरी १०८ किमीची झाली. दर फक्त समजण्यासाठी घेतलेत:

- किमान भाडं, पहिले २५ किमी: ₹९००
- पुढचे ८३ किमी × ₹१४: ₹१,१६२
- ऑक्सिजन: ₹३००
- अटेंडंट: ₹५००
- एकूण: ₹२,८६२
- अॅडव्हान्स (रोख, पावतीसह): ₹१,५००
- बाकी (यूपीआय): ₹१,३६२

बिलावर गाडीचा नंबर, ट्रिप नंबर, तारीख, वेळ आणि पेशंटचं नाव हॉस्पिटलच्या कागदावर आहे तसंच लिहा. मेडिक्लेममध्ये रुग्णवाहिकेचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळू शकतो, पण "गाडी भाडे ₹३,०००" अशा कच्च्या चिठ्ठीवर क्लेम अडकतो. म्हणजे तुमच्या आळसाचे पैसे पेशंटच्या घरचे भरतात.

इथे गडबड होते

१. जीएसटी: रुग्णवाहिकेतून पेशंट नेण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. बिलात जीएसटी लावून पैसे घ्यायचे नाहीत. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर या कामाला टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय द्यायचं. पण मॅचला किंवा कार्यक्रमाला गाडी नुसती उभी ठेवणं म्हणजे पेशंट नेणं नव्हे. तिथे ही माफी गृहीत धरू नका, आधी सीएला विचारा.

२. टोल: राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे. न भरलेला टोल बिलात लिहिलात तर एका ओळीने सगळं बिल संशयात जातं.

३. रोख पावती: ₹५,००० च्या वर रोख घेतलेत तर पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करा.

४. हॉस्पिटलची उधारी: करार तोंडी ठेवू नका. दर, बिल कधी द्यायचं, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्या. दर महिन्याच्या बिलाला ट्रिप नंबरची यादी आणि सही झालेल्या शीटच्या प्रती जोडा. सही नसलेली फेरी अकाउंट्स विभाग पहिली बाजूला काढतो, आणि डिझेलचे पैसे तर तुम्ही कधीच भरलेले असतात.

गाडीची फाइल

आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स. मूळ कागद घरी फाइलमध्ये, प्रती गाडीत, आणि संपण्याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने. फिटनेस पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावी लागते.

या आठवड्याचं काम

नंबर छापलेली दोन पुस्तकं करून घ्या: एक ट्रिप शीटचं, एक बिलाचं, दोन्ही कार्बन कॉपीवाली. अॅप नंतर घ्या. रात्री दोन वाजता, पावसात, मोबाइलची बॅटरी संपलेली असताना पुस्तक आणि पेनच चालतं. रोज रात्री शीट, बिलं आणि आलेले पैसे, तिन्हींचा मेळ लावा. सुरुवातीला दहा मिनिटं लागतील, महिन्याभरात पाच.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत मेहनत करा आणि हिशोब चोख ठेवा!