घरातील हत्यारांची निगा

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजेच खंडेनवमीस, महाराष्ट्रात घरोघरी आणि कारखान्यांतून हत्यारांची पूजा केली जाते. विळा, कोयता, कुऱ्हाड, हातोडी, करवत, पाने ही सारी त्या दिवशी घासूनपुसून मांडली जातात. या प्रथेमागील कृतज्ञतेची भावना निःसंशय मोलाची आहे. तथापि, एक दिवस पुजलेले हत्यार उरलेले वर्षभर ओलसर कोपऱ्यात पडून राहिले, तर ऐन गरजेच्या वेळी ते साथ देत नाही. इतकेच नव्हे, तर ते हाताळणाऱ्याला इजाही करते.

पूर्वी गावगाड्यात ही काळजी कुटुंबाला फारशी वाहावी लागत नसे. सुतार व लोहार हे बलुतेदार शेतकऱ्याची अवजारे वर्षभर नीट करून देत आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून आपले बलुते नेत. ती व्यवस्था आता राहिलेली नाही. ती जात असताना हत्यारे मात्र घरातच राहिली आणि त्यांची निगा राखण्याचे ज्ञान घरात आले नाही. परिणामी एका सैल दांड्यापायी चांगले पोलाद भंगारात जाते, किंवा तसेच धोकादायक स्थितीत वापरले जाते. वस्तुतः दांडा, धार आणि गंज या तीन बाबींकडे नियमित लक्ष दिल्यास साधे हत्यार अनेक वर्षे सुरक्षितपणे काम देते.

दांडा

हातोडी अथवा कुऱ्हाड घाव घालताना दांड्यातून निसटली, तर समोरच्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दांडा हलवून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. दांड्यासाठी बाभळीसारखे चिवट व पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला समांतर असाव्यात आणि त्यात गाठ नसावी. रेषा तिरप्या असल्यास दांडा त्या जागी चिरतो.

सैल हत्यार रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सर्वत्र केला जातो. पाण्याने लाकूड फुगते आणि दांडा घट्ट झाल्यासारखा वाटतो. परंतु फुगलेले तंतू लोखंडाच्या नेढ्यात चेपले जातात आणि लाकूड वाळताच दांडा पूर्वीपेक्षाही अधिक सैल होतो. खरा उपाय पाचरीचा होय. दांड्याच्या टोकाला करवतीने उभी खाच पाडावी, दांडा नेढ्यात पक्का बसवावा आणि मग त्या खाचेत कठीण लाकडाची पाचर ठोकावी. दांड्याला वर्षातून एक-दोनदा जवसाचे तेल चोळल्यास तो तडकत नाही. मात्र जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. यास्तव ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावी.

धार

बोथट हत्यार निरुपद्रवी असते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते धारदार हत्यारापेक्षा अधिक घातक ठरते, कारण त्यावर जास्त जोर द्यावा लागतो आणि ते अचानक घसरते. लाकूडकामाच्या पटाशीची धार २५ ते ३० अंशांच्या कोनात असावी. धार लावण्याच्या दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून पटाशी एकाच कोनात फिरवावी. हात वरखाली झाल्यास धार गोलावते. शेवटी मागची सपाट बाजू दगडावर टेकवून तेथे आलेली लोखंडाची बारीक कोर काढून टाकावी.

यंत्राच्या चाकावर धार लावताना हत्यार वारंवार पाण्यात बुडवावे. धारेवर निळसर छटा दिसली, की तेथील पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार कितीही घासली तरी टिकत नाही. निळा झालेला भाग काढूनच टाकावा लागतो.

लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते बसविताना दातांचा रोख पुढच्या दिशेला ठेवावा. पातळ पत्र्यासाठी एका इंचात ३२ दात असलेले आणि जाड लोखंडासाठी १८ दातांचे पाते घ्यावे. कापावयाच्या जाडीवर किमान तीन दात एकाच वेळी टेकले पाहिजेत. अन्यथा दात अडकून तुटतात.

छिन्नीचे डोके घाव खाऊन छत्रीसारखे पसरते. त्याच्या कडा चाकावर घासून काढल्या नाहीत, तर तेथून उडालेला कण डोळ्यात जाऊन दृष्टी गमावण्याची वेळ येते. एका हातोडीने दुसऱ्या हातोडीवर घाव घालणेही याच कारणासाठी टाळावे. चष्म्याचा खर्च डोळ्याच्या मानाने नगण्य आहे.

गंज

ओल आणि हवा यांच्या संयोगाने लोखंड गंजते. कोकणात खाऱ्या हवेमुळे ही क्रिया अधिक वेगाने होते. हत्यारे गोणपाटात गुंडाळून ठेवू नयेत, कारण गोणपाट ओल धरून ठेवते. भिंतीला न चिकटतील अशा बेताने ती फळीवर टांगावीत आणि काम संपताच पुसून त्यांवर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. गंज चढलाच, तर हत्यार चिंचेच्या दाट पाण्यात काही तास ठेवून तारेच्या ब्रशाने घासावे. नंतर ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करून लगेच तेल लावावे.

गंजलेल्या लोखंडाने जखम झाल्यास धनुर्वाताची भीती असते. तथापि, या रोगाचे जंतू गंजात तयार होत नसून ते मातीत व शेणात असतात. त्यामुळे चकचकीत विळ्याची जखमही तितकीच गंभीर मानावी, ती साबणाने स्वच्छ धुवावी आणि लसीसंबंधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी.

हे कौशल्य शिकण्याची सोयही आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली असून, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, सुतारकाम, तारतंत्री असे व्यवसाय शिकविले जातात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने तर प्रत्यक्ष काम करीत शिकणे हाच शिक्षणाचा पाया मानला.

महिन्यातून एक दिवस ठरवून घरातील सर्व हत्यारे बाहेर काढावीत, दांडे तपासावेत, धार पाहावी, तेल लावावे. या कामात घरातील मुलामुलींना सोबत घ्यावे. त्यांच्या हाती नीट हत्यार आणि ते नीट ठेवण्याची सवय अशा दोन्ही गोष्टी एकदमच येतील.