ओल्या भिंतीवर आकाशी रंग

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

घराच्या खोल्यांना फिकट आकाशी रंग द्यायचा तर आधी भिंत पाहावी लागते. वेल्ह्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, वर चुन्याचा नाहीतर मातीचा गिलावा. जून ते सप्टेंबर तोरणा-राजगडाच्या परिसरात पाऊस कोसळतो, झडीने पश्चिमेची भिंत ओल धरते आणि ती ओल पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहते. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा लागून गिलावा भुसभुशीत होतो. पावसाच्या तोंडावर आजीच्या खोलीला नेमका हाच पेंट देण्याचे ठरल्याचे भोरहून कळले. हे पत्र त्या काळजीपोटी आहे.

जुन्या भिंतीला मानवते ती चुन्याची सफेदी, नीळ मिसळलेली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, तरी भिंतीचा श्वास बंद करत नाही. नीळपूड म्हणजे अल्ट्रामरीन. ती चुन्यात टिकते. प्रशियन निळा चुन्यात उडतो, म्हणून तो घेऊ नये. कपड्यांची पातळ नीळही भिंतीसाठी नव्हे.

चुनकळी पाण्यात पडली की उकळी फुटते, शिंतोडे डोळ्यांत गेले तर डोळा जायची भीती. ती पत्र्याच्या पिंपात लांब काठीने, चष्मा लावून विरवावी; पोरांना जवळ फिरकू देऊ नये. किलोला साधारण ५ लिटर पाणी घालून दिवसभर मुरवावी, फडक्यातून गाळावी आणि गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालावा. पांढऱ्या भिंतीला किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ पुरते, आकाशी छटेला जास्त लागते. कोरडी पूड थेट पिंपात टाकली तर गुठळी राहते आणि कुंचल्याखाली भिंतभर निळी रेघ ओढली जाते. म्हणून ती आधी वाटीत कालवून गाळून घ्यावी. ओला हात गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो. कोपऱ्यात एक हात मारून, तो पुरता वाळल्यावरच छटा ठरवावी. भिंतीवर पाणी शिंपडून तीन पातळ हात द्यावेत.

लहान खिडकीच्या खोलीत, ढगाळ दिवसांत, आकाशी रंग करडा दिसतो. तिथे छत पांढरे आणि दिवा पिवळसर असावा. चुलीच्या खोलीत हा रंग काळवंडतो.

पूर्वी ही कामे घरचीच माणसे करत. ती शिकायच्या वयात मागच्या पिढीचे लक्ष पुण्याच्या गाडीकडे होते, याची हळहळ आता वाटते.

पण पुन्हा त्या पश्चिमेच्या भिंतीकडे यावेच लागते. ओलीच्या खोलीत बुरशी धरते आणि आजीचा खोकला घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी कौले चाळावीत, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब न्यावे. पावसाळा सरल्यावर भिंतीला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून घाम दिसला तर थांबावे.

वरचे शब्द कडक वाटले असतील तर ते मनावर घेऊ नयेत. आजीसाठी हा रंग निवडला, यातच सारी माया दिसते. रंगकाम दिवाळीनंतर काढावे, आणि हाताखाली माणूस हवा असेल तर नुसते कळवावे. पहिल्या एसटीने येणे होईल.

काकाचे आशीर्वाद.