रेडिएशननंतरचा मेंदू : धोक्याचा अंदाज कसा बांधतात?

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो की मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंगची पदवी घेऊन गेली बारा वर्षे न्यू जर्सीत सॉफ्टवेअर लिहितो आहे. या विषयात मी ओढला गेलो तो माझ्या मामींमुळे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मामींच्या मेंदूतल्या गाठीवर रेडिएशन झाले. मूळ आजार स्तनाचा, तिथून पसरलेली ही गाठ जेमतेम १८ मिलिमीटरची. गामा नाइफने एकाच दिवशी २० ग्रे डोस दिला. (एक किलो ऊतींनी एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे.) संध्याकाळी मामी घरी येऊन चहा प्यायल्या. सगळ्यांना हायसे वाटले. पुढे जुलै २०२४ च्या एम.आर.आय.मध्ये तीच जागा मोठी दिसली, भोवती सूजही होती. डॉक्टर म्हणाले, "एक तर गाठ पुन्हा वाढते आहे, नाही तर रेडिएशनने शेजारचा निरोगी भाग मेला आहे. चित्रात दोन्ही सारखेच दिसते." या दुसऱ्या प्रकाराला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. गाठ असेल तर शस्त्रक्रिया किंवा पुन्हा रेडिएशन. नेक्रोसिस असेल तर पुन्हा रेडिएशन म्हणजे आगीत तेल!

मामा मला म्हणाले, "तू कंप्यूटरवाला ना? मग हे आधीच कळायला नको का?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून हॉस्पिटलमधल्या फिजिसिस्टबाईंची वेळ घेतली. त्यांनी शांतपणे सगळा प्लॅन पडद्यावर उलगडून दाखवला.

गामा नाइफच्या हल्लीच्या यंत्रात कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. एकेक किरण क्षीण, पण सगळे एका बिंदूवर मिळतात. तरी गाठीच्या कडेला डोस भिंतीसारखा सरळ तुटत नाही, घाटासारखा उतरत जातो. त्या उतारावर निरोगी मेंदू असतो.

आता थोडे गणित. कंटाळू नका, बेरीज-गुणाकारच आहे. रेडिएशनचा जैविक परिणाम मोजायचे सूत्र असे : एकूण डोस गुणिले (१ अधिक, एका वेळचा डोस भागिले त्या ऊतीचा आकडा). हा आकडा बऱ्याच गाठींसाठी साधारण १० धरतात, मेंदूसाठी २. रोज २ ग्रे असे ३० दिवस, म्हणजे ६० ग्रे दिले, तर गाठीवर परिणाम ७२ आणि मेंदूवर १२०. एकदम २० ग्रे दिले, तर गाठीवर ६०, पण मेंदूवर २२०! गाठीला दोन्ही उपचार जवळपास सारखेच; निरोगी मेंदूला मात्र एकदम दिलेला डोस फार जड जातो. (इतक्या मोठ्या डोसला हे सूत्र किती लागू पडते, यावर तज्ज्ञांत वाद आहे.) म्हणूनच एका दिवसाचा उपचार लहान गाठीलाच देतात आणि मोठी असेल तर तीन किंवा पाच दिवसांत विभागतात.

मग धोका मोजायचा कसा? १२ ग्रे किंवा अधिक डोस मेंदूच्या किती घन सेंटिमीटर भागाला मिळाला, गाठ धरून, तो आकडा पाहतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, पसरून आलेल्या गाठींवर एकाच वेळी डोस दिला असता हा भाग ५ घन सें.मी. असेल तर त्रासदायक नेक्रोसिसची शक्यता सुमारे १० टक्के, १० असेल तर १५ टक्के, आणि १५ च्या वर सुमारे २० टक्के. मामींचा आकडा होता ७.

म्हणजे अंदाज होता! उपचाराआधी सही केलेल्या कागदांत एका ओळीत तो लिहिलाही होता. आमच्यापैकी कोणी ती ओळ वाचली नव्हती.

पण मला खरी गोम कळली ती पुढे. कुठलाही असा अंदाज जुन्या रुग्णांच्या नोंदींवर बेततात. आता नेक्रोसिस आणि गाठ चित्रात सारखीच दिसत असतील, आणि प्रत्येकाचा तुकडा काढून तपासला जात नसेल, तर त्या नोंदींतच चूक शिरते. शिवाय नेक्रोसिस बहुधा सहा महिन्यांनंतर उद्भवतो. जे रुग्ण त्याआधीच गेले, त्यांना तो झाला असता की नाही हे कसे कळणार? आमच्या धंद्यात असा डेटा घेऊन कोणी आले तर आम्ही आधी भांडतो. फिजिसिस्टबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हीही भांडतो. पण रुग्ण उद्या सकाळी यायचा असतो."

हे मामींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, शंभरातल्या बाराजणी म्हणतोस. मी त्या बारात की अठ्ठ्याऐंशीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

डॉक्टरांनी परफ्यूजन एम.आर.आय. मागवला. जिवंत गाठीत रक्ताचे प्रमाण बहुधा जास्त असते, मेलेल्या भागात कमी. विमा कंपनीने आधी नकार दिला. डॉक्टरांनी स्वतः फोन करून कंपनीच्या डॉक्टरशी बोलणी केली आणि अपील मंजूर झाले, पण त्यात अडीच आठवडे गेले. (नकाराचे पत्र आले की गप्प बसू नका, अपिलाची मुदत त्याच पत्रात छापलेली असते.) तपासणीत रक्ताचे प्रमाण कमी निघाले. सूज उतरायला डेक्सामेथासोन सुरू झाले. मामींना मधुमेह, त्यामुळे साखर भडकली आणि इन्शुलिन घ्यावे लागले. सूज औषधाला दाद देत नसेल तर बेव्हॅसिझुमॅब देतात, गळक्या रक्तवाहिन्यांवर ते काम करते. मामींना त्याची गरज पडली नाही. जानेवारी २०२५ च्या चित्रात ती जागा लहान झाली होती.

घरात कोणाचे असे रेडिएशन झाले असेल तर हॉस्पिटलकडून प्लॅनची सी.डी. मागून घ्या, नुसता अहवाल नको. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तर कुठल्या भागाला किती डोस मिळाला हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच नेमके कळते. मामींची सी.डी. मामांनी घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवली आहे आणि तिची एक प्रत माझ्याकडे आहे.