सुक्या मेव्याचा मध

प्रस्तावना

महाबळेश्वरचा जांभूळ मध तुम्ही चाखला असेल. त्याच परिसरातील मांघर हे गाव 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मध वर्षानुवर्षे टिकतो, हे आपण ऐकतो. मात्र त्यात सुका मेवा किंवा वनस्पती घातल्यावरही तो टिकेल का? या प्रश्नाचे उत्तर पाण्यात दडलेले आहे.

मध का टिकतो?

फुलातील रसात पाणी पुष्कळ असते. मधमाश्या पंखांनी वारा घालून ते आटवतात आणि मग पोळ्यातील घर मेणाने बंद करतात. पक्व मधात पाण्याचे प्रमाण साधारणपणे 20 टक्क्यांहून कमी असते. इतक्या कमी पाण्यात सूक्ष्मजंतू वाढू शकत नाहीत. पाणी वाढले, की मध आंबतो. म्हणून मधात घालायचा प्रत्येक जिन्नस कोरडा हवा.

कृती

60 ग्रॅम बदाम व अक्रोड निवडून घ्यावेत. खवट दाणे टाकून द्यावेत. मंद आचेवर भाजून ते पूर्ण थंड करावेत, कारण गरम दाण्यांची वाफ बरणीत पाणी होऊन उतरते. कोरड्या काचेच्या बरणीत दाणे भरून त्यांवर 250 ग्रॅम मध ओतावा. दाणे मधात बुडालेले असावेत. स्वादासाठी सावलीत वाळवलेली तुळशीची पाने किंवा चिमूटभर सुंठ घालावी; ओले आले अथवा ओली पाने घालू नयेत. झाकण घट्ट लावावे, कारण मध हवेतील ओलावा शोषून घेतो. आठवड्याभरात स्वाद उतरतो. दरवेळी कोरडाच चमचा वापरावा.

उत्तरेत मोहरीच्या फुलांचा मध सर्रास मिळतो. दिल्लीतील द्वारकेच्या थंडीत तो लवकर रवाळ होतो. तो भेसळीचा समजून फेकू नये. बरणी कोमट पाण्यात ठेवल्यास तो पुन्हा पातळ होतो.

सावधान!

एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधातील विशिष्ट जंतूंची बीजे बाळाच्या आतड्यात वाढून विष निर्माण करू शकतात. बाळघुटी देतानाही हे विसरू नये.

पाठगत प्रश्न

1. दाणे थंड करूनच बरणीत का भरावेत?
2. ओल्या आल्याऐवजी सुंठ का वापरावी?
3. ‘मधाचे बोट लावणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.