भूगर्भशास्त्र घ्या, पण बेसॉल्टवर थांबू नका

भूगर्भशास्त्राला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलाला घरून एकच इशारा मिळतो, नोकरी लागायची नाही. हा विषय जवळून पाहिल्यावर मला वाटतं, की इशारा हवाच, पण तो या गोष्टीचा नव्हे. जागा थोड्या आहेत, पण आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासून काम करतं आहे, केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेतो आणि वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स या तिघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. धोका आहे तो असा, की सरकारी विद्यापीठातून पदवी मिळते, प्रथम श्रेणीही मिळते, आणि तरी उघड्या खडकासमोर उभं केलं तर नकाशा काढता येत नाही. खनिजांची नावं आणि कालखंडांचे तक्ते पाठ करून आपल्याकडचा लेखी पेपर सुटतो. मुलाखतीत दगड हातात दिला, की पाठांतर संपतं.

महाराष्ट्रात या धोक्याला एक जास्तीचं कारण आहे. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापला आहे आणि हे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्याला लाव्हाचे थर, त्यांच्यामधले लाल पट्टे, झिओलाइट, डाइक हे सगळं हाताशी मिळतं. वळ्या पडलेले, रूपांतरित झालेले जुने खडक मात्र त्याला पुस्तकातल्या फोटोत भेटतात. नति आणि नतिलंबाची गणितं तो कागदी नकाशावर सोडवतो, पण क्लिनोमीटर लावून मोजावी अशी तिरकी पाटी त्याला क्वचितच दिसते. पण ज्या घटनांनी महाराष्ट्राला भूगर्भशास्त्राची गरज पटवली, त्यांचं मूळ बेसॉल्टच्या खाली होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत विंधनछिद्र घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर बेसॉल्ट संपला. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपामुळे ओळखल्या जाणाऱ्या कोयनेच्या परिसरात तो 900 मीटरहून जाड निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. ज्याने ग्रॅनाइट आणि नाइस डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, तो या भूकंपांबद्दल बोलेल ते ऐकीव असेल.

यावर प्राध्यापक म्हणतात, बेसॉल्ट काय कमी आहे? जगभरचे अभ्यासक महाबळेश्वरच्या घाटात येतात. हे मला पूर्ण मान्य आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल हे ठरवायला पुटिकामय थर कुठला, सलग कुठला, कुजलेला भाग किती खोल आणि भेगा कुठे, हे कळावंच लागतं, आणि दुष्काळी तालुक्यात या ज्ञानाला मोल आहे. पण एकाच जातीच्या खडकावर तीन वर्षं काढणं म्हणजे एकाच रागावर गाणं शिकणं. बाहेर न्यायला पैसा नाही, ही सबबही मला अर्धीच पटते. हिमालय राहू द्या. मनसरच्या आसपासचे मँगनीजवाले जुने खडक, चंद्रपूरचा गोंडवाना कोळसा, सिंधुदुर्गातले कलादगी वालुकाश्म, हे सगळं राज्यातच आहे, एसटीने जाता येतं. खरी अडचण माणसांची आहे. शिक्षकांच्या कायमस्वरूपी जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या शिक्षकाने आठवडाभर मुलांना घेऊन डोंगरात हिंडावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मग फील्डची सहल होते, खडकांपुढे गटाचे फोटो निघतात आणि अहवाल मागच्या वर्षीच्या वहीतून उतरतो.

आता उपग्रहाची चित्रं आणि जीआयएस असताना उन्हात हातोडी कशाला, असंही विचारलं जातं. उपग्रह रेषा दाखवतो. ती रेषा डाइकची आहे, सांध्याची की विभंगाची, हे जागेवर जाऊनच ठरतं, आणि कोकणात तर जांभ्याने आणि झाडीने बहुतेक काही झाकून टाकलेलं असतं. मुलींना हे क्षेत्र बंद आहे, हा घरातला आक्षेपही जुना झाला. 2019 पासून ठरावीक अटींवर स्त्रियांना भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीची कामं करता येतात. मुक्कामाची, स्वच्छतागृहाची आणि सोबतीच्या शिक्षिकेची सोय मात्र विभागाकडे आग्रहाने मागावी; ती फुकट मिळत नाही.

आयोगाच्या परीक्षेत भूवैज्ञानिक पदाला पदव्युत्तर पदवी लागते, नुसत्या बीएस्सीवर भागत नाही, हे प्रवेश घेतानाच हिशेबात धरा. बारावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र सुटलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. भूजल आणि भूभौतिकीची दारं त्याच विषयांनी उघडतात. सरकारी विभागाची फी परवडते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, आणि पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत जाण्याचा रस्ताही मोकळा राहतो. म्हणून विद्यापीठाचं नाव आणि इमारत बाजूला ठेवून अंतिम वर्षाच्या मुलांना गाठा. बेसॉल्टबाहेर किती दिवस राहिलात, नकाशा स्वतः काढलात का, खडकाचा पातळ काप, म्हणजे थिन सेक्शन, बघायला सूक्ष्मदर्शक किती जणांत एक होता, एवढं विचारा. उत्तरं गोलगोल आली, तर दुसरा विभाग बघा.