लाव्हारस अडवता येतो का?

१९९७ साली 'व्होल्कॅनो' नावाचा एक अमेरिकन चित्रपट पडद्यावर आला. लॉस एंजेलिस शहराच्या पोटातून एकाएकी लाव्हारस उसळतो आणि भर रस्त्यातून वाहू लागतो. माणसे काँक्रीटचे ठोकळे आणून त्याच्या वाटेत भिंत उभी करतात, बंबांतून आणि हेलिकॉप्टरमधून पाणी ओततात, आणि पाहता पाहता तो लोंढा थिजून जागच्या जागी उभा राहतो.

प्रसंग मोठा थरारक आहे. पण हे खरोखर घडू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर काढायला उष्णता आणि दाब या शाळेतल्याच दोन प्रकरणांचा आधार पुरेसा आहे. शिवाय आपल्या हरसूलचे डोंगर काय किंवा सह्याद्रीचे कडे काय, हा सारा थिजलेला लाव्हारसच आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही.

पाणी किती लागेल?

बेसॉल्ट जातीचा लाव्हारस बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ११०० अंश सेल्सिअस असते. त्याचा विशिष्ट उष्मा साधारण ०.२५ धरू. म्हणजे १ ग्रॅम रस १००० अंशांनी थंड होऊन १०० अंशांवर येताना २५० कॅलरी उष्णता बाहेर टाकील. शिवाय द्रवाचा खडक होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो, तो ग्रॅमला सुमारे १०० कॅलरी. एकूण झाल्या ३५० कॅलरी.

आता पाण्याकडे वळू. २५ अंशांचे १ ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापताना ७५ कॅलरी घेते आणि त्याची वाफ होताना आणखी ५४० कॅलरी घेते. म्हणजे एकूण ६१५ कॅलरी. पाण्याची खरी ताकद त्याच्या थंडपणात नसून वाफ होण्यात आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

एक घनमीटर लाव्हारसाचे वस्तुमान सुमारे २७०० किलोग्रॅम असते. त्यातून ९४ कोटी ५० लाख कॅलरी उष्णता निघेल. तिला ६१५ ने भागले तर सुमारे १५३७ किलोग्रॅम, म्हणजे दीड घनमीटर पाणी येते. तात्पर्य, एक भाग रस थिजवायला दीड भाग पाणी हवे, आणि तेही एक थेंब वाया न जाता सगळ्याची वाफ झाली तरच. शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल एवढ्याच रसाला ६००० घनमीटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे ते ६०० टँकर झाले! हेलिकॉप्टरच्या चार-दोन खेपांनी हे काम होणार नाही.

वरची साय आणि आतला रस

मग पडद्यावर जे दिसते ते निव्वळ खोटे म्हणावे काय? तसेही नाही. पाणी पडताच लाव्हारसाचा पृष्ठभाग खरोखरच काळा पडतो. पण गुऱ्हाळात ओतलेला गूळ आठवा. वरून तो धरलेला दिसतो, पण आत मऊ आणि चांगलाच गरम असतो. खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. वरची साय जाड होत जाते तसतशी ती आतल्या उष्णतेला घोंगडीसारखी झाकून ठेवते.

हवाई बेटांवर अशा सायीची जाडी मोजली गेली आहे. पहिल्या तासात ती सुमारे ८ सेंटिमीटर होते. ती दुप्पट, म्हणजे १६ सेंटिमीटर व्हायला ४ तास लागतात आणि दसपट, म्हणजे ८० सेंटिमीटर व्हायला १०० तास! जाडी ही वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चित्रपटात मिनिटांत उरकलेल्या कामाला निसर्गात दिवस आणि महिने लागतात ते यामुळेच.

भिंत टिकेल काय?

लाव्हारस पाण्याच्या पावणेतीनपट जड असल्याने त्याचा रेटाही तेवढाच मोठा असतो. एक मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर तो सुमारे १.३५ टन रेटा देईल. भिंत काँक्रीटची आणि अर्धा मीटर जाड असेल, तर तेवढ्या लांबीचे वजन १.२ टन भरते. नुसत्या ठेवलेल्या ठोकळ्यांना जमिनीवर धरून ठेवणारे घर्षण साधारण त्याच्या निम्मे, म्हणजे ०.६ टनाच्या आसपास. अर्थात भिंत सरकणार. उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो.

म्हणून खरे अभियंते लाव्हारसासमोर उभ्या पातळ भिंती बांधत नाहीत. ते माती आणि दगडांचे रुंद बुडाचे बांध घालतात, आपल्या पाझर तलावाच्या बांधासारखे. आणि शक्यतो ते प्रवाहाला आडवे न घालता तिरके घालतात. उद्देश अडवण्याचा नसतो, वळवण्याचा असतो.

हेमाए बेटावरची झुंज

पाण्याने लाव्हारसाशी दिलेली सर्वांत मोठी लढाई आइसलँडजवळच्या हेमाए बेटावर झाली. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावालगतच जमीन फाटली. सुमारे ५३०० रहिवाशांना बोटींनी आणि विमानांनी हलवण्यात आले. पुढे लाव्हारस बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला. बंदर बुजले असते तर मासेमारीवर जगणारे ते गावच संपले असते.

थोरब्योर्न सिगुरगेइर्सन या भौतिकीच्या प्राध्यापकाने समुद्राचे पाणी मारण्याचा आग्रह धरला. मोठमोठे पंप आणले गेले. बुलडोझर चक्क सरकत्या लाव्हारसाच्या सायीवर चढवून नळांसाठी वाट केली गेली. प्लॅस्टिकचे नळसुद्धा आतून पाणी वाहत होते तोवर वितळले नाहीत. जुलैपर्यंत सुमारे ६० लाख घनमीटर पाणी ओतले गेले आणि बंदर वाचले.

आता आपला हिशेब लावून पाहा. ६० लाख घनमीटर पाणी फार तर ४० लाख घनमीटर रस थिजवील. बाहेर पडलेला एकूण रस मात्र वीस कोटी घनमीटरांहून अधिक होता. म्हणजे जेमतेम दोन टक्के! ज्वालामुखी कोणी थांबवला नाही, तो आपणहून शांत झाला. माणसांनी फक्त बंदराजवळची कड थिजवून तिचाच बांध केला. रस तेथे दाट आणि संथ होता, समुद्र हाताशी होता आणि पाच महिन्यांची चिकाटी होती. तरीही शेकडो घरे गेली.

वळवायचा तो कोणाकडे?

वळवण्यालाही मर्यादा आहेत. मे १९९२ मध्ये इटलीतील एटना ज्वालामुखीवर सुरुंग लावून लाव्हारस नव्या वाटेला लावला गेला आणि झाफेराना हे गाव वाचले. पण त्याच डोंगरावर १६६९ साली कॅटेनियाच्या लोकांनी प्रवाहाची कड फोडली, तेव्हा तो आपल्याकडे वळणार या भीतीने पातेर्नोचे लोक हत्यारे घेऊन धावून आले, असे सांगतात. आपले घर वाचवताना दुसऱ्याचे घर जाणार नाही ना, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूत्रात मिळत नाही.

आइसलँडमधील ग्रिंडाविक गावाभोवती अलीकडेच मातीचे बांध घालण्यात आले. १४ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी मुख्य प्रवाह वळवला खरा, पण एक भेग बांधाच्या आतच उघडली आणि तीन घरे जळाली. गाव आधीच रिकामे केलेले असल्याने त्या घरांत कोणी नव्हते.

आपला कातळ

आता शेवटी आपल्या पायांखाली पाहू. हरसूल-त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांच्या त्या पायऱ्या आहेत. त्यांतले काही प्रवाह आपल्याच सायीखाली गरम राहून पार राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे सुमारे १००० किलोमीटर गेले असे भूशास्त्रज्ञ मानतात. जायकवाडीचे तुडुंब भरलेले धरण म्हणजे सुमारे २.९ घनकिलोमीटर पाणी. ते सगळे ओतले तरी दोन घनकिलोमीटरही रस थिजणार नाही. दख्खनचा लाव्हारस तर कित्येक लाख घनकिलोमीटर होता!

घाबरण्याचे मात्र कारण नाही. महाराष्ट्रात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे आणि तेथे वस्ती नाही. त्यामुळे भूकंपाचा धक्का बसला की 'ज्वालामुखी फुटणार' अशी जी आवई उठते, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

लाव्हारस थांबवता येत नाही. जागा, पाणी आणि वेळ अनुकूल असेल तर त्याची एखादी कड थोपवता येते किंवा वळवता येते. माणसांना मात्र वेळेवर हलवता येते. हेमाएचे हजारो लोक वाचले ते पंपांमुळे नव्हे, तर पहिल्याच रात्री निघालेल्या बोटींमुळे.

शिक्षकांनी वर्गात पुढील उदाहरण अवश्य घालावे. एक पंप दर सेकंदाला १ घनमीटर पाणी फेकतो. सगळ्या पाण्याची वाफ झाली असे धरले, तर तो एका दिवसात किती घनमीटर लाव्हारस थिजवील?