ग्राहक दिसत नाही, मग बूट कुणासाठी?

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. आमचा मजला सातवा. ग्राहक आले तर तळमजल्यावर येतात, कागद देतात आणि जातात. वर आजवर एकही ग्राहक चढलेला मी पाहिलेला नाही. आम्ही साठ जण दिवसभर स्क्रीनवर स्कॅन केलेली बिलं तपासत असतो. तरी पुरुषांना पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट खोचून, पायात चामडी बूट. मुलींना कुर्त्यावर ओढणी सक्तीची. पावसाळ्यात भिजलेल्या बुटांत नऊ तास बसावं लागतं. गेल्या आठवड्यात सँडल घालून गेलो तर दारातूनच परत पाठवलं, अर्ध्या दिवसाची रजा गेली. ज्यांना कुणी बघतच नाही त्यांना असा नियम लावण्यामागे खरंच काही कारण असतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला एक करकरणारा शर्ट आठवला.

बीबीसीचं प्रसारण 1922 साली लंडनमध्ये सुरू झालं. तेव्हा टीव्ही नव्हता, होता तो फक्त रेडिओ. तरीही त्या दशकात असा दंडक पडला की, संध्याकाळी बातम्या वाचणाऱ्या निवेदकानं डिनर जॅकेट घालूनच मायक्रोफोनपुढे बसायचं. काळा कोट, गळ्याला काळा बो, आणि खळ घालून छातीवर पुठ्ठ्यासारखा ताठ केलेला पांढरा शर्ट. ऐकणाऱ्याला तो दिसत नव्हताच, पण त्याचं नावसुद्धा ऐकणाऱ्याला सांगत नसत. निवेदकांनी स्वतःचं नाव घेऊन बातम्या वाचायला सुरुवात केली ती युद्धात, 1940 साली, कारण शत्रूनं त्याच लहरीवर खोट्या बातम्या पेरल्या तर लोकांना आपला आवाज ओळखता यायला हवा होता. स्टुअर्ट हिबर्ड हे तिथले प्रमुख निवेदक. त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की बातम्या वाचताना त्यांच्या शर्टाची छाती करकरते आणि ते ऐकू जातं, असं तंत्रज्ञांनी त्यांना एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं होतं.

जे काम नीट व्हावं म्हणून पोशाख ठरवला, त्याच कामात पोशाखाचा अडथळा होत होता. तरी हिबर्ड यांना तो नियम योग्यच वाटत असे, आणि त्यांचं कारण विचार करण्यासारखं आहे. त्या काळी स्टुडिओत गायला-वाजवायला येणारे मोठे कलावंत संध्याकाळच्या पूर्ण पोशाखात येत. त्यांचं स्वागत करणारा निवेदक. यजमानानं पाहुण्यापेक्षा कमी तयारीनं उभं राहू नये, अशी ती समजूत.

तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे सापडतं. ग्राहक पाहत नाही म्हणजे कुणीच पाहत नाही, असं नसतं. शेजारच्या टेबलावरची बाई पाहते, साहेब पाहतात, नवा लागलेला मुलगा पाहतो. कपडे धुतलेले असावेत, घामाचा वास येऊ नये, कुणाला अवघडल्यासारखं होईल असं काही अंगावर नसावं, इतकी अपेक्षा सहकाऱ्यांनी एकमेकांकडून ठेवणं मला रास्त वाटतं. पण त्या अपेक्षेतून चामडी बूट निघत नाहीत. स्वच्छ सँडलमुळे शेजाऱ्याचं काहीही बिघडत नाही.

आता पडद्याआडच्या पोशाखाची दुसरी बाजू बघा, कारण या विषयातली खरी समृद्धी तिथे आहे. जिथे ग्राहक कधीच पोचत नाही अशा कित्येक जागी कपड्यांचे नियम दुकानातल्यापेक्षा कडक असतात, आणि ते असायलाच हवेत. हॉटेलच्या भटारखान्यात आचाऱ्याच्या कोटाला पुढून दोन पदर असतात. भांड्यातून उकळतं काही उडालं तर मधला पदर पोळण्यापासून वाचवतो, आणि वरचा पदर डागाळला तर बाजू बदलून कोट पुन्हा स्वच्छ दिसतो. कापड सुती, कारण सिंथेटिक कापड आचेनं वितळून कातडीला चिकटतं. डोक्यावरची टोपी केस अन्नात पडू नयेत म्हणून. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जुळवणाऱ्या कारखान्यात अंगावर वेगळा कोट आणि मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा असतो. अंगात साठलेल्या स्थिर विजेची आपल्याला जाणवणारही नाही इतकी बारीक ठिणगी चिप निकामी करू शकते. लेथवर काम करणाऱ्याची बाही सैल नको, गळ्यात मफलर नको, बोटात अंगठी नको. हे नियम शिकवावे लागत नाहीत, एकदा कुणाची बाही चकमध्ये गेलेली पाहिली की ते अंगात भिनतात.

1948 च्या आपल्या कारखाने अधिनियमाच्या 22 व्या कलमात यंत्र चालू असताना त्याची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराच्या कपड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असं ते कलम सांगत होतं. आणि लगेच कंसात म्हणत होतं की, हे कपडे कारखानदारानं पुरवायचे. मला ते कंसातले शब्द फार मोलाचे वाटतात. नियम करणाऱ्यानं त्याची किंमतही उचलावी, हे तत्त्व कायद्यानं त्या एवढ्याशा कंसात बसवून दिलं. तुमच्या बुटांचे पैसे कोण देतं? महिन्याची इस्त्री कुणाच्या खिशातून जाते? डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलनं आल्यावर तो शर्ट ठाण्याला उतरेपर्यंत कितीसा इस्त्रीचा उरतो, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असेल का?

गिरणगावात तुमच्या कचेरीच्या बरोबर उलटं चित्र होतं. साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. त्या उकाड्यात कामगार बनियन आणि अर्ध्या चड्डीवर माग चालवत. त्यांनी विणलेलं कापड दुकानात ज्यानं घेतलं, त्याला विणणाऱ्याच्या अंगावर काय होतं याचा पत्ता नव्हता, आणि कापडाचा पोत त्यानं रतीभरही बिघडला नाही. मी स्वतः तरुणपणी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला बसत असे. खिळे जुळवणारे लोक आले की घरचे कपडे खुंटीला टांगायचे, शाईनं काळवंडलेला जुना सदरा चढवायचे आणि संध्याकाळी रॉकेलनं हात पुसून पुन्हा घरच्या कपड्यांत बाहेर पडायचे. त्यांच्या जुळणीत चूक शोधताना माझे डोळे दुखत. त्यांचा सदरा कसा आहे, हे मी कधी पाहिलं असेन असं वाटत नाही.

कचेरीतली गोष्ट वेगळी होते ती इथे. भटारखान्यातल्या कोटामागे आच असते, लेथवरच्या बाहीमागे चक असतो. क्लेम विभागातल्या बुटांमागे बहुतेक वेळा आठवण असते, जुन्या काळी कुणीतरी कशासाठी तरी केलेल्या नियमाची. आयबीएम या अमेरिकन कंपनीचं उदाहरण घ्या. गडद सूट आणि पांढरा शर्ट ही तिची ओळखच झाली होती. हा रिवाज जुने प्रमुख थॉमस वॉटसन यांच्या काळापासूनचा, आणि मुळात त्यामागे ग्राहकाबद्दलचा आदर होता. ज्या मोठ्या साहेबांना यंत्रं विकायची ते सुटात असत, म्हणून विकणाराही सुटात. पुढे ग्राहकांनी सूट सोडले, कंपनीनं सोडले नाहीत. लू गर्स्टनर प्रमुख झाल्यावर त्यांनी 1995 मध्ये तो नियम काढून टाकला. आज तुम्हाला कुणाला भेटायचंय ते बघा आणि त्याप्रमाणे कपडे घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ही सगळ्यात शहाणी कसोटी वाटते. ज्याला दिवसभरात स्क्रीनवरच्या बिलांशिवाय कुणालाच भेटायचं नाही, त्याला ती आपोआप मोकळं करते.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसमध्ये बरीच वर्षं सोमवार ते गुरुवार फॉर्मल कपडे घालावे लागत. ज्यांच्यासाठी तिथले हजारो प्रोग्रॅमर काम करत ते ग्राहक समुद्रापार होते. 1 जून 2015 पासून कंपनीनं ती सक्ती उठवली. त्यानंतर कुणा ग्राहकानं प्रोग्रॅम नीट चालत नाही म्हणून टाय परत मागितल्याचं ऐकलेलं नाही.

नियमाच्या बाजूनं हल्ली आणखी एक युक्तिवाद पुढे येतो. एचआरच्या प्रशिक्षणात तुम्हीही तो ऐकला असेल: नीटनेटके कपडे घातले की माणूस काम नीट करतो. याला आधार म्हणून हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांचा 2012 चा अभ्यास सांगतात. पांढरा कोट डॉक्टरचा आहे असं सांगून घालायला दिला तर लोकांचं लक्ष जास्त एकाग्र झालं, आणि तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला तेव्हा तसं झालं नाही, असं त्यांना आढळलं. कल्पना लोभस आहे. पण त्यातला पहिला प्रयोग इतर संशोधकांनी तसाच पुन्हा करून पाहिला, त्याचा अहवाल 2019 मध्ये आला, आणि त्यांना तो परिणाम मिळाला नाही. अशा कच्च्या पायावर साठ जणांच्या पायांत भिजलेले बूट चढवणं योग्य नाही.

महाराष्ट्र शासनानं 8 डिसेंबर 2020 रोजी मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्यांसाठी परिपत्रक काढलं, जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नकोत म्हणून. त्यातही दोन कारणं शेजारी शेजारी होती. एक, कामासाठी येणाऱ्या लोकांच्या मनात कचेरीची प्रतिमा तयार होते. दुसरं, पोशाख अस्वच्छ आणि अशोभनीय असेल तर कामकाजावरही अप्रत्यक्ष परिणाम होतो. पहिलं कारण खिडकीवर बसणाऱ्याला लागू पडतं आणि मला मान्य आहे. तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या माणसाला समोरचा कर्मचारी नीटनेटका दिसावा, हा त्याचा मानच आहे. दुसरं कारण मागच्या खोलीपर्यंत पोचतं, आणि तिथे ते फक्त स्वच्छतेपुरतं टिकतं. शुक्रवारी खादी घालावी, असंही त्या परिपत्रकात होतं. त्यामागे विणकराच्या हाताला काम मिळावं हा विचार आहे. तो ग्राहकाच्या नजरेवर अवलंबून नाही, म्हणून मला तो वेगळा आणि चांगला वाटतो.

ओढणीबद्दल मात्र मी जास्त कडक बोलेन. पुरुषांच्या शर्टाची अट निदान टापटिपीच्या नावानं येते. ओढणीची अट कुणाच्या तरी नजरेची काळजी म्हणून येते, आणि त्या नजरेचा भार जिच्याकडे पाहिलं जातं तिच्यावर टाकते. सातव्या मजल्यावर ग्राहक नाहीत, म्हणजे ती नजर सहकाऱ्यांचीच असणार. ती सुधारायची जबाबदारी कचेरीची आहे. इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टच्या सरकारी रोजगार केंद्रात फक्त पुरुषांना कॉलर-टाय सक्तीचा केल्यावर, हा भेदभाव आहे म्हणून एका कर्मचाऱ्यानं दाद मागितली होती. 2003 मध्ये न्यायाधिकरणानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही आणि प्रकरण फेरसुनावणीला गेलं. अपिलात घातलेली कसोटी उपयोगी आहे: एकेका कपड्याची तुलना करू नका, एकूण टापटिपीची पातळी स्त्री-पुरुषांकडून सारखीच मागितली जाते का ते पाहा. तुमच्या मजल्यावर ही कसोटी लावली तर ओढणी कशात बसते?

आता तुम्ही करायचं काय. खासगी कचेरीत कुणी काय घालावं, हे ठरवणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तुमचं नेमणूकपत्र आणि कंपनीची नियमावली हाच आधार, म्हणून आधी ते दोन्ही काढून वाचा. ‘चामडी बूट’ असे शब्द खरोखर छापलेले आहेत का, की दारावरच्या माणसापर्यंत तोंडी चालत आलेत? अर्धी रजा कापण्याची तरतूद कुठे आहे, तेही शोधा. पोशाखासाठी रजा कापता येते असं लिहिलेलं नसेल तर ती रजा लेखी परत मागा. मग एक साधा अर्ज करा. त्यात पूर्ण नियम रद्द करा असं म्हणू नका. जून ते सप्टेंबर पाय झाकणाऱ्या पावसाळी सँडलना परवानगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालावा आणि ओढणी ऐच्छिक असावी, एवढंच मागा. तळमजल्यावर ग्राहकांसमोर बसणाऱ्यांना हा अर्ज लागू नाही, हे स्पष्ट लिहा, म्हणजे कंपनीच्या प्रतिमेचा मुद्दा तुम्ही मान्य केलात हे दिसेल. ओढणीचं कलम मुलींनाच लिहू द्या, आणि त्या कलमाखाली तुम्ही पुरुषांनी आधी सह्या करा. आणि एचआरच्या साहेबांना एखाद्या जुलैच्या सकाळी 8:37 च्या लोकलनं डोंबिवलीहून तुमच्याबरोबर यायचं आमंत्रण द्या, त्यांचे स्वतःचे बूट घालून.

काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.